महिपतरावांची अंगठी

गेल्या महिन्यात सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि गळ्यात एवढा जाड हार की मला समोरचं माणूस दिसेना. भाषण करायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सारजाबाईंनी अपमान गिळले, सगळ्यांना क्षमा केली, पुरुषांची मनं प्रेमानं जिंकली. म्हणून आज रेडिओच्या कारखान्यात सोलापूरच्या मुली ताठ मानेनं बसतात." टाळ्या पडल्या. मी हार सावरत हसत राहिले, कारण सत्काराच्या वेळी भांडायचं नसतं.

पण क्षमा? मी कुणाला क्षमा केली, एक माणूस तरी दाखवा. अपमान गिळला म्हणे. गिळला नाही, गालात धरून ठेवला, आणि वेळ आली तेव्हा ज्याचा त्याच्या अंगावर थुंकले. मुली ताठ मानेनं बसतात हे खरं आहे. ते प्रेमानं झालं नाही. सुडानं झालं, आणि तो कसा हे एकदा सांगून टाकते.

मी मूळची वैरागची. नवरा गेला तेव्हा लग्नाला धड दोन वर्षंही झाली नव्हती. भावानं मला सोलापूरला आणलं आणि रेडिओदुरुस्तीच्या वर्गात घातलं, कारण शिवणाच्या वर्गात जागा उरली नव्हती. त्या वर्गात मी एकटी बाई. पास झाले आणि होटगी रस्त्यावरच्या निनाद रेडिओच्या कारखान्यात लागले.

कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल. तिथं मुली ओळीनं बसून तारांना सोल्डर लावायच्या. दिवसभर राळेचा धूर नाकात. हॉलच्या टोकाला एक खोली होती, तिला टेस्टिंग म्हणत. तयार झालेला रेडिओ तिथं विजेवर लावून तपासायचा, खरखर कुठली, दोष कुठला ते शोधायचं. हॉलमधल्या मुली कागदोपत्री हेल्पर, आणि टेस्टिंगच्या बाकावरचा माणूस मेकॅनिक. हेल्परचा मेकॅनिक झाला की तो कुठल्याही गावात जाऊन मानानं पोट भरू शकतो. हॉलमधली मुलगी मात्र हेल्पर म्हणून यायची आणि डोळे अधू झाले की हेल्पर म्हणूनच घरी जायची.

हे सगळं चालवायचे महिपतराव, आमचे मॅनेजर. ते म्हणायचे, "पोरींची बोटं बारीक, सोल्डरला बरी." बोटं बारीक म्हणजे डोकंही बारीकच, असा त्यांचा हिशेब होता. मी टेस्टिंगला बसले ते माझ्या सर्टिफिकेटमुळे, आणि मालकांनी स्वतः माझी परीक्षा घेतली म्हणून. महिपतरावांना ते कधी पचलं नाही. पाहुणा आला की मला दाखवून म्हणायचे, "ह्या आमच्या सारजाबाई. नशिबानं हात मोकळे झाले, म्हणून बाकावर बसल्यात." पाहुणे माझ्या रिकाम्या मनगटांकडे बघायचे. मी मीटरच्या काट्याकडे बघायची.

हॉलमध्ये सुंदरम्मा नावाची मुलगी होती. पूर्व भागातल्या विणकराच्या घरची सून. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. तिच्या कानाला तोड नव्हती. नुसती खरखर ऐकून सांगायची, "अक्का, ह्येचा कंडेन्सर गेलाय." दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तिला मीटर धरायला शिकवलं, मग सर्किटचे नकाशे वाचायला. तिच्यामागून आणखी चार-पाच जणी येऊन बसायला लागल्या. एकीनं तर भाकरीवर पेनानं सर्किट काढलं होतं. मला तेव्हा वाटलं, ही एक मुलगी बाकावर बसली की दार उघडलं, मग बाकीच्यांना कोण अडवतंय.

पंच्याहत्तर साल आलं. जिकडेतिकडे महिला वर्ष. आमचे मालक शेठजी पुण्याला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. त्यांना वर्तमानपत्रात फोटो हवा होता. त्यांनी हुकूम सोडला, हॉलमधली एक मुलगी टेस्टिंगला घ्या. मी सुंदरम्माचं नाव दिलं. महिपतराव हो म्हणाले, इतक्या सहज की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ठरलेल्या सकाळी सुंदरम्मा नवं लुगडं नेसून आली. दोन्ही हातांत कोपराकडं चढत गेलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. सगळा हॉल मान वर करून बघत होता. ती टेस्टिंगच्या दारात पोचली आणि महिपतरावांनी हात आडवा घातला.

"हातात काय हाय?"

"बांगड्या, साहेब."

"विजेचं काम हाय हितं. हातात काय बी चालत न्हाय." मग ते हॉलकडं वळले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "बसायचं आसंल तर घरला जा, बांगड्या फोड आन् ये. ह्या सारजाबाईंवानी. मग खुशाल बस."

पुरुष हसले. सगळे नाही, पण पुरेसे हसले. कुंकू लावलेल्या बाईला बांगड्या फोडून ये म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी सांगत बसणार नाही. सुंदरम्मानं दोन्ही हात पदराखाली घेतले, जसं काही कुणी त्यावर दगडच उचलला होता. ती माझ्याकडं बघत होती. मी आत जाऊन बाकावर बसले आणि हाताला लागला तो रेडिओ पुढं ओढला. त्या माणसानं एका वाक्यात तिच्या नवऱ्याला मारलं आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याची थट्टा केली, आणि चहा प्यायला निघून गेला.

काचेतून वीज जात नाही. हे महिपतरावांना माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. ते काही अडाणी नव्हते. म्हणूनच मी त्यांना समजवायला गेले नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला काय समजवायचं?

दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा आली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत माग चालू होता, तिची सासू चरख्यावर कांड्या भरत बसली होती. तिनं चरखा थांबवला नाही.

"आमच्या घरात बांगडी फोडायचं काम सांगत न्हाईत कोण," ती म्हणाली. "माझा एकच पोरगा हाय. वद्दु, वद्दु. नको आमाला रेडिओ."

सुंदरम्मा आतल्या दाराशी उभी होती. "अक्का, मला यायचंय," एवढंच ती म्हणाली, आणि सासूनं मान वळवली तशी आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली ती मनात ठरवून झाल्यावरच. सुंदरम्माला त्या बाकावर बसवायचं, बांगड्यांसकट. आणि ज्या तोंडानं ते बोलले त्या तोंडानं महिपतरावांना ते परत घ्यायला लावायचं. नाग म्हणे डूख धरतो. बाई धरते तो कुणी बघितलेला नसतो, कारण ती वरवर भांडी घासत असते.

सकाळी मी महिपतरावांच्या केबिनमध्ये गेले. गोड बोलले. इतकी गोड की माझंच मला हसू येत होतं.

"साहेब, तुमचा नियम बराबर हाय. पण तोंडी नियम पोरी विसरतात. पाटी लावू की दारावर."

ते खूश झाले. "मजकूर तुमीच सांगा."

मी सांगितला: हातात कसलाही दागिना असलेल्या कोणाही व्यक्तीस प्रवेश नाही. त्यांनी सही केली. रंगाऱ्यानं लाल अक्षरांत पाटी रंगवली आणि आपल्या मनानं खाली एक कवटी आणि दोन हाडं काढून दिली. पाटी लागली तेव्हा महिपतराव म्हणाले, "तुमची हौस, तुमीच राखण करा." मला तेच हवं होतं. मेन स्विच माझ्या बाकाशेजारीच होता.

आता महिपतरावांचा हात कसा होता ते सांगते. त्यांना साडेसाती होती, आणि ती त्यांनी सगळ्या कारखान्याला सांगून ठेवली होती. तर्जनीत पुष्कराज, करंगळीजवळ पोवळं, आणि मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी. मागं एकदा अंघोळीला काढून ठेवली, तर त्याच संध्याकाळी मुलाला टायफॉइड झाला, असं ते सांगायचे. तेव्हापासून ती बोटातून उतरली नव्हती. बोट सुजायचं, तरी नाही.

पहिल्याच दिवशी मी दारात उभी राहिले. ज्ञानबा मेकॅनिक आला, त्याला म्हटलं, घड्याळ काढ, तांब्याची अंगठी काढ. तो कुरकुरला, "बाई, आमी बी व्हय?" मी पाटीवरचं 'कोणाही' दाखवलं. त्यानं दोन्ही काढून डब्यात टाकलं. बाकीच्यांनीही काढलं. महिपतरावांना मी काही म्हणाले नाही. ते तसेही टेस्टिंगमध्ये फारसे यायचे नाहीत, आणि आले तर मी खाली मान घालून काम करायची. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, पण नाक दाबायला चार माणसं समोर लागतात.

ती चार माणसं खंडेनवमीला जमणार होती. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा. शेठजी दरवर्षी यायचे, टेस्टिंगच्या बाकावर हळदकुंकू वाहायचं, झेंडू लावायचे, मग एक नवा रेडिओ चालू करून मुहूर्त करायचा. त्या वर्षी त्यांनी बरोबर फोटोग्राफर आणला होता. पूजेला बसायचा मान महिपतरावांचा.

सगळा हॉल दाराशी दाटला. मी उंबऱ्यात ताम्हन घेऊन उभी.

"शेठजी, हातातलं घड्याळ."

शेठजींनी पाटी वाचली, कवटी बघून हसले. "वा, शिस्त आहे!" घड्याळ आणि अंगठी ताम्हनात टाकून ते आत गेले. मग महिपतराव आले, सोवळं नेसून, पूजेचं ताट घेऊन.

"साहेब, अंगठ्या."

"पूजा हाय सारजाबाई. पूजेला चालतंय."

"पूजा झाली की सेट लावायचाय. पाटीवर पूजेचं वेगळं काय लिवलं न्हाई. सही तुमचीच हाय."

"काढा हो महिपतराव," आतून शेठजी म्हणाले. "दोन मिनिटांचा प्रश्न."

त्यांनी ताट खाली ठेवलं. पुष्कराज काढला. पोवळं काढलं. मग मधल्या बोटाशी हात थांबला. कपाळावर घाम आला, आणि मी तो येताना बघितला. त्यांनी अंगठीला हात लावला, सोडला, परत लावला. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, पोरगं एकुलतं एक हाय."

मी हळू बोलले नाही. "सुंदरम्माचा नवराबी एकुलताच हाय, साहेब."

तुम्हाला वाटेल मला दया आली असेल. भीती खरी होती, मला दिसत होती. त्या मुलाला मी बघितलेलं होतं, बापाच्या सायकलवर पुढं बसून यायचा, गोड पोरगा. तरी नाही आली दया. सुंदरम्माची भीती खरी नव्हती का? तिनं हात पदराखाली घेतले तेव्हा हा माणूस हसला होता. आता त्याचा हात पदराविना होता, एवढाच फरक.

"कोण सुंदरम्मा?" शेठजी बाहेर आले. "आणि फोटोसाठी ती मुलगी कुठाय?"

मी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. 'बांगड्या फोड आन् ये' हे तर महिपतरावांच्याच चालीत म्हणून दाखवलं. मागं हॉलमधल्या मुली उभ्या होत्या, कुणीतरी म्हणालं, "व्हय, आमी ऐकलंय." मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच.

शेठजी महिपतरावांकडं वळले. "काचेतून वीज जाते?"

महिपतराव बोटातली अंगठी फिरवत राहिले.

"जाते का?"

"न्हाय जात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

ते पाटीकडं बघत राहिले. मग पूजेचं ताट उचलून माझ्या हातात देऊ लागले आणि म्हणाले, "ती पाटी काढून टाका बाई."

"पाटी ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "धातूचा दागिना, एवढं लिवू. नियम चांगला हाय. पण मेन स्विच आता सुंदरम्मा आल्याबिगर वर जायचा न्हाई. आणि तिला बोलवायला मी जाणार न्हाई. ज्यांनी घालवली त्यांनी आणायची. बायकोला घेऊन जायचं, सासूपुढं उभं ऱ्हायचं, आणि बोललेलं परत घ्यायचं."

शेठजींना रेडिओ बाजारात जायला हवे होते आणि फोटो छापून यायला हवा होता. त्यांनी मान हलवली. पूजा ज्ञानबानं केली, आणि मुहूर्ताचा रेडिओ त्या वर्षी मुकाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. महिपतराव बायकोला घेऊन पूर्व भागात आले. मी आधीच तिथं जाऊन ओट्यावर बसले होते. हे बघायचं चुकवणारी मी नव्हे. त्यांच्या बायकोचं नाव निंगव्वा, अक्कलकोटकडची, देवभोळी, मोठं कुंकू. त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की कामावरच्या मुलीला सणाचं बोलवायला जायचंय. ती बिचारी खण-नारळ घेऊन आली होती, हसत.

सुंदरम्माची सासू दारात आली. तिनं आपट्याची पानं घेतली नाहीत.

"आधी बोला," ती म्हणाली. "माझ्या सुनंला काय बोलला, ते ह्यांच्याम्होरं बोला."

महिपतरावांनी घसा खाकरला. "चूक झाली. रागाच्या भरात..."

"तसं न्हाई," मी ओट्यावरून म्हणाले. "जसं बोलला तसं."

शेजारच्या घरांतले माग एकेक करून थांबले होते. माणसं दारांत उभी होती. महिपतरावांनी जमिनीकडं बघत ते वाक्य म्हटलं. बांगड्या फोड आन् ये, असं म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

निंगव्वानं नवऱ्याकडं बघितलं. तिचं हसू हळूहळू गेलं. तिनं खण-नारळ ओट्यावर ठेवला आणि आपले दोन्ही हात नवऱ्यासमोर धरले.

"अय्यो, असं बोलला तुमी? मुत्तैदे बाईला? सवाष्णीला?" तिचा आवाज फाटला. "मग ह्या बी फोडू का? सांगा की. ह्या बी फोडू?"

महिपतराव मागं सरले. सुंदरम्माच्या सासूनं पुढं होऊन निंगव्वाची मनगटं धरली, "वद्दु अम्मा, वद्दु," म्हणत तिला आत नेलं, आणि दोघी बायका आत बसून रडल्या. महिपतराव बाहेर उन्हात उभे. त्यांना कुणी बस म्हणालं नाही, पाणी दिलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला सर्टिफिकेट मिळालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं निंगव्वा बाहेर आली. सुंदरम्माची ओटी भरून झाली होती. नवऱ्यानं टांग्याकडं बोट केलं, तर ती म्हणाली, "तुमी व्हा फुडं. मी सारजाबाईंच्यासंगं चालत येते." आणि आली चालत.

आम्ही निघालो तेव्हा सुंदरम्मा दारापर्यंत आली होती. सासूनं तिला माझ्यासमोर विचारलं, जाणार का? ती म्हणाली, "जाते. पर सेट मला साहेबांनी आणून द्यायचा. सोताच्या हातानं."

त्याप्रमाणे झालं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सकाळी टेस्टिंगच्या दारावर नवी पाटी होती, धातूचा दागिना असलेल्या कोणाही व्यक्तीस प्रवेश नाही. सुंदरम्मा आत, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, मेकॅनिकच्या बाकावर. हॉलमधल्या मुलींनी काम सोडून माना वर केल्या होत्या आणि कुणी त्यांना खाली घाला म्हणत नव्हतं. महिपतराव उंबऱ्याबाहेर उभे, बोटांत तिन्ही अंगठ्या, हातांत रेडिओ. आत पाऊल टाकायची त्यांना सोय नव्हती. त्यांनी हात लांब करून रेडिओ पुढं धरला.

सुंदरम्मानं तो घेतला, बाकावर ठेवला, वायर जोडली. मी मेन स्विच वर केला. बांगड्या किणकिणल्या, तिनं काटा फिरवला. आधी नुसती खरखर. तिनं कान लावून ऐकलं, मागचं झाकण काढलं, एक सैल तार दाबली आणि सोल्डर मारलं. मग सांगली केंद्र लागलं, कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं. तिनं आवाज पूर्ण वाढवला. सगळ्या हॉलला भाव ऐकू गेले.

महिपतराव अजून दारातच होते, जायचं की थांबायचं ते न कळून.

सुंदरम्मानं रेडिओवर पास झाल्याचा शिक्का मारला, बाजूला ठेवला, आणि त्यांच्याकडं न बघता रिकामा हात दाराकडं केला.

"फुडचा आणा, साहेब."